आपल्यालाच नाही म्हणणारं अंडं

नामा दोरे म्हणजे बोलायला महाग माणूस. मुरबाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागून त्याला बरीच वर्षं झाली, तरी नवा प्राध्यापक आला की पहिले काही दिवस त्याची समजूत होते, या माणसाला बोलता येत नाही. मग एखाद्या दिवशी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर फुंकर मारतं आणि नामाचं तोंड उघडतं. "थुकी उडती, साहेब. फडकं घ्या." एवढं बोलून तो पुन्हा आपल्या बरण्या धुवायला लागतो. पगार, रजा, बढती यांबद्दल त्याची तक्रार आजवर कुणाच्या कानावर आलेली नाही. आठवडाभर तो मुरबाडात खोली घेऊन राहतो आणि शनिवारी दुपारची एसटी धरून डोळखांबच्या पुढे, डोंगरातल्या आपल्या पाड्यावर जातो. तिथे त्याची बायको गंगी असते आणि त्याची आई देवकी.

देवकीचा सगळ्या पाड्याला धाक. कंबरेत वाकली आहे, पण आवाज अजून ओढ्यापलीकडे जातो. नामा तिला मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत सापडला, हे पाड्यावर प्रत्येकाला ठाऊक आणि तिच्यासमोर बोलायची एकाची छाती नाही. ती आणि तिचा नवरा कोंडू, तो आता हयात नाही, बैलजोडी घ्यायला जत्रेला गेले होते. जत्रा उठत आली तेव्हा घोंगडीवाल्यांच्या पालामागे पेंढ्यावर एक पोर बसलेलं त्यांना दिसलं. नाक गळत होतं आणि धड बोलताही येत नव्हतं. दोघांनी पालोपाली चौकशी केली, पोलीस पाटलाला सांगितलं, पार पालं हलली तरी तिथेच बसून राहिले. कुणी आलं नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल नसलेल्या देवकीने ते पोर पदराखाली घेतलं आणि पाड्यावर येऊन सांगून टाकलं, "यो माजा." बैल घ्यायचे राहिले ते त्या साली राहिलेच.

नामाला हे कळलं ते शाळेत, पोरापोरांच्या भांडणात. घरी येऊन त्याने विचारलं, तर देवकी उत्तर न देता कोयती घेऊन ते बोलणाऱ्या पोराच्या दारात जाऊन उभी राहिली. "नामा माज्या पोटचा हाय. कोनाला काय इचारायचं आसंल तं मला इचारा." कुणी काय विचारणार! विषय तिथेच मिटला. नामाच्या मनात मात्र तो मिटला नाही. लग्नकार्यात मंडळी बसली आणि कुळांची नावं निघाली की तो हळूच मागे सरकून बसायचा. आपण बोललो, काही मागितलं, कुठे पुढे पुढे केलं, तर कुणीतरी विचारेल, तू रे कोणाचा? या भीतीने त्याची जीभ जी आखडली ती कायमची. चारचौघांत कुणी आपल्याला परका म्हटलेलं ऐकायची पाळी येऊ नये, एवढंच त्याने देवाकडे मागितलं होतं.

आणि नेमकी ती पाळी त्याच्या पोटच्या पोरीनेच आणली.

नामाचा पाडा ठाकरांचा आणि ठाकरांत कुळाला फार किंमत. एका कुळातली मुलं म्हणजे भाऊ-बहीण, मग त्यांच्या घरांमध्ये चार डोंगर असोत; त्यांचं लग्न लागत नाही. नामाची मुलगी काजल नर्सिंग शिकून शहापुरात एका दवाखान्यात लागली आहे. तिथे दवाखान्याची गाडी चालवणारा दीपेश तिला आवडला. पोरगा टोकावड्याकडचा, मेहनती, हसरा, दारूला न शिवणारा. खोट काढायला जागा नव्हती. फक्त तोही दोरे होता.

काजलने त्यावर तोड काढून ठेवली होती. चुलीपुढे बसून तिने ती सरळ सांगितली. "आजे, बाबा जत्रंत घावलं ना? मंग ते दोरे नायत. आन मी बी नाय." गंगीची भाकरी तव्यावर करपली. देवकी उठली आणि अंगणात जाऊन बसली. त्या दिवसापासून तिने नातीशी बोलणं टाकलं.

पुढच्या रविवारी दीपेशचा चुलता दामू दोरे स्वतः आला. शांत, सरळ माणूस. त्याने काळा चहा घेतला, भातकापणीची विचारपूस केली आणि मग मुद्द्याला हात घातला. "आमाला पोरगी पसंत हाय. नामाची गोष्ट बी आमी आयकून हाव. पर आयकीव गोष्टीवर लगीन लागत नाय. कूळ घरातल्या वडीलधाऱ्या मानसानं चारचौघांत सांगायचं आस्तं. देवकीआये, तुमी म्हनालात नामा परक्याचा, तं पोरगी आमची सून. तुमी म्हनालात नामा माजा, तं ती आमची लेक. सून व्हायाची नाय."

"नामा माजा," देवकी म्हणाली.

"आज नका सांगू. इचार करा. पुनवंला आमी चार मानसं घेऊन येतो, तवा सांगा."

दामू गेल्यावर गंगी पाया पडली, काजल रडली. देवकी दोघींकडे न बघता बोलली, "पोरीला दुसरा नवरा मिळंल. मला दुसरा पोरगा मिळायचा नाय." नामा भिंतीला टेकून उभा होता. आईला सांगायचं तरी काय? मला परका म्हण, असं? एकीकडे पोरीचा संसार आणि एकीकडे आईने आयुष्यभर धरून ठेवलेला एक शब्द.  पहाटे उठून तो पहिल्या एसटीने मुरबाडला निघून आला.

कॉलेजात त्या दिवसांत वेगळीच धांदल होती. भूमिका मॅडमनी समुद्र आणला होता. भूमिका मॅडम मूळच्या शहापूरच्याच, भातशेती करणाऱ्या घरातल्या. वयाने काजलपेक्षा थोड्या मोठ्या आणि नामाला नामामामा म्हणणाऱ्या. त्यांनी किनाऱ्यावरच्या एका ओळखीच्या नाखव्याकडून कॅन भरभरून खारं पाणी आणवलं, काचेच्या टाकीत ओतलं, त्यात हवेचे बुडबुडे सोडले. त्या पाण्यात एक जुना दोर टांगला होता आणि दोराला बोटाएवढ्या, पातळ पेजेच्या रंगाच्या पिशव्या चिकटल्या होत्या. प्रत्येक पिशवीला दोन तोंडं. एका तोंडाने पाणी आत, दुसऱ्याने बाहेर. बोटाने दाबलं की चूळ भरल्यासारखी पाण्याची धार सोडायच्या.

"समुद्रपिचकारी," मॅडम म्हणाल्या. "वनस्पती वाटते ना? प्राणी आहे. जागचा हलत नाही. आणि गंमत म्हणजे प्रत्येक पिचकारी नरही आहे आणि मादीही. एकाच अंगात दोन्ही."

"भातासारकं," नामा म्हणाला. मॅडमनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. आपणहून त्याने उच्चारलेला हा कित्येक दिवसांतला पहिला शब्द होता.

दोनच दिवसांत मॅडमना कामासाठी बाहेरगावी जावं लागलं. जाताना त्यांनी नामाला नीट समजावून सांगितलं. या प्राण्यांवर सतत उजेड असला की ते आपलं बीज पोटातच साठवून ठेवतात. अंधार झाला आणि मग उजाडलं, की पहाट झाली असं समजून सोडून देतात. "म्हणून दिवा बंद करू नका. मी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी काळं फडकं टाका आणि सकाळी आल्या आल्या काढा. मला ताजी अंडी हवीत, फळलेली. अशा फळलेल्या अंड्यांतून पिल्लं निघताना आपल्या मुलांना दाखवायची आहेत. यांनी समुद्र कधी पाहिलाय?"

नामाने मान हलवली. दिवा त्याने जिवापाड सांभाळला. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर बसला तर बॅटरी, अशी त्याची जय्यत तयारी होती. ठरल्या दिवशी, फडकं टाकायच्या आधी, त्याला भाताची गोष्ट आठवली.

नामाच्या घरी एक बारीक, वासाचा भात पिढ्यानपिढ्या आहे. कापणीच्या वेळी देवकी त्यातल्या निवडक लोंब्या वेगळ्या काढते, वेगळ्या झोडते, वेगळ्या कणगीत ठेवते. शेजारच्या खाचरातला एक दाणाही त्यात मिसळू देत नाही. भाताच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, फूल उमलतं न उमलतं तोवर आपलं आपल्यातच फळतं, म्हणून जात शुद्ध राहते, हे मॅडमनीच एकदा वर्गात शिकवलं होतं. मग हे प्राणीही तसेच. सगळ्यांना एका टाकीत ठेवलं तर बियाण्याची भेसळ होणार! मॅडम घाईत सांगायला विसरल्या असतील, असं त्याला वाटलं. त्याने एकेक पिचकारी अलगद सोडवली, प्रत्येकीला खाऱ्या पाण्याची स्वतंत्र बरणी दिली, बरण्यांवर काळं फडकं टाकलं आणि चांगलं काम झाल्याच्या समाधानात खोलीवर गेला.

सकाळी शिपायाच्याही आधी येऊन त्याने फडकं उचललं आणि स्टुलावर बसून राहिला. बराच वेळ काही घडेना. मग पहिल्या बरणीतल्या प्राण्याने अंग आवळलं आणि त्याच्या तोंडातून दुधासारखा पांढरा धूर पाण्यात पसरला. पाठोपाठ बारीक रव्यासारखे कण निघाले. दुसऱ्या बरणीत तेच. मग तिसऱ्या. कुणीही कुणाला हाक न मारता, आपापल्या काचेत, एकामागोमाग एक. नामाच्या अंगावर काटा आला. समुद्रापासून इतक्या लांब, मुरबाडच्या एका खोलीत त्यांनी पहाट ओळखली होती.

मॅडम आल्या त्या बरण्यांची रांग बघून दारातच थांबल्या. "मामा, हे काय केलंत?"

नामाने भाताचं सांगितलं. सांगता सांगता त्याचाच आवाज बसत गेला. मॅडम एका बरणीतला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. मग दुसऱ्या बरणीतला. मग सगळ्या. "एकही फळलेलं नाही," त्या म्हणाल्या.

 सगळं नासवलं आपण, एवढंच नामाच्या डोक्यात होतं. पण मॅडम हसत होत्या. "घाबरू नका हो. या, तुम्हीच बघा."

त्याने आयुष्यभर त्या यंत्राच्या काचा पुसल्या होत्या, डोळा क्वचितच लावला होता. आत एक अंडं होतं. गोल, पाणीदार, कडेला नाजूक पेशींची झालर. आणि त्याच्याभोवती बारीक बारीक जीव वळवळत होते. "ते शुक्रजंतू. त्याच प्राण्याचे, ज्याचं हे अंडं," मॅडम मागून सांगत होत्या. "पहाटेपासून एका बरणीत आहेत दोघं. ते जवळ येतात, अंड्याच्या आवरणाला लागतात. आणि सुटून जातात."

"का?"

"कारण अंडं ओळखतं. हे माझंच आहे म्हणून."

नामा डोळा काढेना. "डोळं नाय, नाक नाय. कसं वळखीतं?"

"आवरणावर खुणा असतात. शुक्रजंतूवरही खुणा असतात. दोन्हींच्या खुणा जुळल्या, म्हणजे एकाच अंगातलं आलं, की दार बंद. खुणा जुळल्या नाहीत की दार उघडं."

"उलटंच की वो, मॅडम."

"उलटं?"

"आमच्याकडं खून जुळली की दार उघडत्यात."

 मॅडमनी एका बशीत पहिल्या बरणीतली थोडी अंडी घेतली, स्वच्छ खाऱ्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली आणि त्यावर दुसऱ्या बरणीतल्या दुधाचा एक थेंब सोडला. "आता माझा तास आहे. तुम्ही बसा इथेच."

नामा बसला. आधी वळवळ वाढली. परके शुक्रजंतू अंड्याला भिडले आणि या वेळी सुटून गेले नाहीत. मग सगळं थंड. बाहेर घंटा झाली, पोरं जिन्यावरून दणादणा उतरली, कुणीतरी दार उघडून परत लावलं. नामाला काही कळलं नाही. त्याच्या डोळ्यापुढे अंड्याच्या मधोमध एक रेघ उमटली होती. रेघ खोल झाली. आणि एकाचे दोन झाले.

त्याने डोळा बाजूला घेतला, पुसला, पुन्हा लावला. शेजारचं अंडंही दोन झालं होतं. त्याच्या पलीकडचंही. हीच ती अंडी, सकाळपासून आपल्याच दुधात पडून होती आणि ढिम्म हलली नव्हती. मेली नव्हती ती. वाट बघत होती. पहिल्या बरणीतली बाकीची अंडी त्याने मुद्दाम पाहिली, ती अजून तशीच अख्खी होती. एवढासा रव्याचा कण, आणि त्याला 'मी' कोण ते पक्कं माहीत! नामाला भडभडून आलं. आपल्याला पन्नाशी उलटून गेली तरी ते कळलं नाही, हे त्याच्या मनात आलं आणि तरी त्या क्षणी त्याचं वाईट वाटलं नाही. जे दिसत होतं ते फार मोठं होतं.

मॅडम परत आल्या तेव्हा मुका नामा बोलत सुटला. हे कशापायी? भात तर आपलं आपल्यातच फळतो, त्याचं काही बिघडत नाही, मग याला काय धाड भरली? मॅडमनी टेबलावर बसून त्याला सगळं सांगितलं. प्रत्येक जिवात कुठे ना कुठे खोट लपलेली असते. एकाच अंगातलं एकमेकांशी मिळालं की तीच खोट दोन्ही बाजूंनी येते आणि पिल्लात उघडी पडते. परक्याची खोट वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून एकाचं दुसऱ्याने झाकलं जातं. भात फार पूर्वीपासून स्वतःतच फळत आला, त्याच्यातल्या बऱ्याच खोटी तेव्हाच गळून गेल्या. त्याने तो रस्ता धरला. समुद्रात ज्यांनी आपल्याला नाही म्हटलं त्यांची पिल्लं तगली, त्यांच्या पिल्लांनीही नाही म्हटलं. असं कोट्यवधी वर्षं. कुणी शिकवलं नाही, कुणी ठरवलं नाही.

"आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, मामा. काही मासे आधी नर असतात आणि पुढे मादी होतात, म्हणजे दोन्ही एका वेळी नकोच. काही जोडीने राहतात आणि पाळी लावतात, आत्ता तू अंडी दे, मग मी देतो. पोवळी अंडी आणि शुक्रजंतू एकाच गाठोड्यात बांधून वर सोडतात. गाठोडं फुटतं, पण पुष्कळ जातींची अंडी परक्याचंच घेतात." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "यातलं मला सगळ्यात काय आवडतं सांगू? अंडं कच्चं असतं तोवर त्याला ही ओळख नसतेच. आईच्या अंगातून बाहेर पडायच्या थोडंसंच आधी ती येते."

दुसऱ्या दिवशी बशीत शेपटीवाली पिल्लं पोहत होती. डोळ्याला जेमतेम दिसणारी, बेडकाच्या पिल्लांसारखी. त्यांच्या शेपटीत एक ताठ दोरी असते, आपल्या पाठीच्या कण्याची पूर्वज, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे लांबचं का होईना, नातं होतं. वर्गातली पोरं ओळीने येऊन बघत होती आणि नामा प्रत्येकाला म्हणत होता, "फुकू नका. बगा, पर फुकू नका."

पुनवेच्या अलीकडे देवकीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला मुरबाडला आणायचं होतं. आधीच्या साली तिचा मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरकडून निघाल्यावर नामा तिला कॉलेजात घेऊन गेला. एवढं नवल पाहिलं आणि सांगायला घरचं माणूस नाही, ही हुरहुर त्याला होतीच. पण मनात दुसरं काहीच नव्हतं, असंही म्हणवत नाही. तोंडाने जे मागता येत नव्हतं, त्याच्या शेजारी तो तिला नेऊन बसवत होता. बोलायचं मात्र काही नाही, असं त्याने ठरवलं होतं.

मॅडमनी त्या दिवशी त्याच्यासाठी दोन बशा तयार ठेवल्या. देवकी स्टुलावर चढून बसली. "येवढं काय दाखीवतूस? माशीचा डोळा?" म्हणत तिने वाकून डोळा लावला आणि बडबड एकदम थांबली.

"आये, हे त्याचं अंडं. आन भवताली त्याचंच बी."

"फळंना का मंग?"

"फळत नाय. आपलं हाय म्हनून घेत नाय."

नामाने बशी बदलली. "आन ह्यात दुसऱ्याचं टाकलंय. परक्याचं."

देवकीने डोळा तसाच लावून ठेवला. एकाचे दोन झालेले होते, दोनाचे चार होत होते. जन्मभर बियाण्यात भेसळ होऊ न देणारी बाई ती. तिचा सुरकुतलेला हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. "इस्वास ठिवायचा नाय कोनी," ती पुटपुटली. मग तिने पिल्लांची बशी मागितली. बशीच्या काचेला काही पिल्लं डोक्याने चिकटली होती आणि त्यांची शेपटी आत आत जात होती.

"शेपूट गिळतंय?"

"व्हय. आता यो जलमभर हितंच ऱ्हायचा. जागा धरली त्यानं."

"परक्याचं घेतल्याबिगर ह्यो जलमलाच नस्ता," देवकी म्हणाली.

"नाय."

ती उतरली, पदर सावरला. मॅडमच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि एसटीत बसेपर्यंत गप्प राहिली. एसटीतही गप्प. आईचं गप्प राहणं नामाने कधी पाहिलंच नव्हतं. किन्हवली मागे पडल्यावर तिने एकदम विचारलं, "जत्रंत मी तुला उचललं, तवा तू माज्याकडं बगून रडला नायस. का रे?" पहिल्यांदा. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती गोष्ट काढली होती.  "मला आठवत नाय, आये," नामा म्हणाला. "मला आठवतंय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पुनवेला दामू आला. बरोबर चार माणसं, दीपेश आणि दीपेशची आई. पाड्यावरचे जाणतेही जमले. अंगणात सतरंजी टाकली होती. काजल आतल्या दाराआड उभी होती, गंगी तिचा हात धरून. नामा सवयीने सगळ्यांच्या मागे, कुडाला टेकून बसला. पुढे काय होणार हे त्याला माहीत नव्हतं. आईला त्याने एका शब्दानेही विचारलं नव्हतं. ती 'नामा माजा' म्हणाली तर पोरगी उन्मळून पडणार होती. ती 'परक्याचा' म्हणाली तर जे ऐकायला लागू नये म्हणून तो आयुष्यभर मागे सरकत आला, ते आज आईच्याच तोंडून ऐकायचं होतं. 

दामूने सुपारी पुढे ठेवली. "देवकीआये, पोरीच्या बापाचं कूळ सांगा."

देवकी काठी टेकत उभी राहिली. बसून बोलली असती तरी चाललं असतं, पण ती उभी राहिली.

"नामा," तिने हाक मारली. "मागं नको. म्होरं ये. हितं बस, माज्यापाशी."

नामा उठला आणि माणसांमधून वाट काढत पुढे येऊन तिच्या पायाशी बसला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. 

"यो माज्या पोटचा नाय. माज्या घरवाल्याच्या रक्ताचा नाय. म्हशाच्या जत्रंत घोंगडीवाल्याच्या पालामागं घावला. याचं कूळ कंचं ते मला म्हायेत नाय, त्याला म्हायेत नाय. पर दोऱ्याचं नाय. म्या देवकी सांगते, यो परक्याचा हाय."

 नामाने डोळे मिटले होते. ज्या शब्दाला तो इतकी वर्षं भीत आला तो येऊन गेला होता, आणि आईचा हात अजून त्याच्या डोक्यावरच होता. दामूने सुपारी उचलून देवकीच्या पुढ्यात धरली. "मंग पोरगी आमची," तो म्हणाला. आत गंगीने रडू फोडलं.

देवकीने सुपारी घेतली नाही. तिने आधी सगळ्यांकडे, एकेका तोंडाकडे, नीट पाहून घेतलं.

"आयकलात ना सगळ्यांनी? लगनापुरतं सांगितलं, ते सांगून झालं. आता उद्याच्याला कोनी माज्या पोराला घावलेला म्हनला, तं कोयती अजून घरात हाय."

मग तिने सुपारी घेतली.